मागचा भाग कुणाकडे आहे?

त्या वाचनालयातल्या बाईंचं खरं नाव विचाराल तर लोक डोकं खाजवतील. पण ‘पुढचाभागबाई’ म्हणा, की कोपऱ्यावरचा सायकल दुरुस्तीवालासुद्धा हातातला पाना न सोडता छापखान्याचा जिना दाखवील. खाली यंत्रांची धडधड, वर पुस्तकं, आणि पुस्तकांच्या मागे दोन खोल्या. त्या दोन खोल्यांत बाईंचा संसार. संसार म्हणजे काय, तर एक स्टोव्ह, एक खाट आणि लग्न न केल्याबद्दल नातेवाइकांनी ऐकवलेले टोमणे.

हे नाव कसं पडलं तेही ऐकण्यासारखं आहे. जाडजूड कादंबरी एकाच वाचकानं महिनाभर उशाखाली दाबून ठेवली, तर बाकीच्यांनी काय वाट बघत म्हातारं व्हायचं? म्हणून तिथं रीत अशी, की जाड कादंबरी आली की ती आधी बाइंडरकाकांच्या टेबलावर जायची. काका तिचे मधोमध दोन तुकडे करायचे, दोन्हींना निराळे पुठ्ठे चढवायचे, आणि वर पांढऱ्या रंगानं लिहायचे: ‘भाग पहिला’, ‘भाग दुसरा’. पहिला परत केला की दुसरा मिळायचा. आता काका कात्री चालवणार पानं मोजून, गोष्ट बघून नव्हे. त्यामुळे राजपुत्र तटावरून उडी मारायचा पहिल्या भागात आणि जमिनीला टेकायचा दुसऱ्यात! मधल्या काळात वाचक जिन्यात उभे राहून ओरडायचे, “बाई, पुढचा भाग आला का?” झालं, बाईंचं बारसं झालं.

आणि बाईंचा हातखंडा कशात होता? जुन्या काळातल्या प्रेमकथांत. राजे, राण्या, वेढे, तह, आणि या सगळ्या धबडग्यात एकमेकांवर जीव लावणारी माणसं. कुणाला कुठली कादंबरी द्यायची, हे बाईंनी सांगायचं आणि वाचकानं ऐकायचं. त्या वाचकाच्या तोंडाकडे बघायच्याच नाहीत, पिशवीकडे बघायच्या. पिशवी टेबलावर आपटली, तर घरी भांडण झालंय; त्याला घोडेस्वार लेखक द्यायचा. घोडेस्वार म्हणजे ज्याच्या कादंबरीत नायिका यायच्या आधी चार घोडे दमून पडतात तो. पिशवी छातीशी धरून आली, तर त्या पोरीला उसासेबाई. या लेखिकेच्या नायिका खिडकीत बसून इतके उसासे टाकतात, की पडदे आपोआप हलतात. आणि पिशवी खांद्यावरून उतरवलीच नाही, माणूस अवघडून दाराशीच उभा राहिला, तर अबोल मास्तर. या लेखकाच्या आख्ख्या पुस्तकात ‘प्रेम’ हा शब्द सापडायचा नाही. नवरा छप्पर शाकारतो, बायको खालून गवत देते, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी. लेखकांची खरी नावं पुठ्ठ्यावर असायची, पण वाचकसुद्धा “एक अबोल मास्तर द्या” असंच म्हणायचे.

बाईंचा नेम चुकत नाही, अशी ख्याती होती. बाईंनासुद्धा तसंच वाटायचं. गर्वाचं घर खाली असतं म्हणतात. बाईंचं होतं छापखान्याच्या वर, पण पडायला तेवढी उंची पुरते.

बाईंना एक थोरली बहीण होती. आईच्या मागं तिनंच धाकटीला वाढवलं, शाळेत घातलं. थोरलीचा नवरा बेकरीत भट्टी सांभाळायचा. माणूस तोंडाचा मुका आणि हाताचा गरम. जग झोपेत असताना कामाला जायचा, जग कामाला लागलं की घरी येऊन झोपायचा. थोरली त्याच्यासाठी अवेळी उठायची, अवेळी जेवायची. धाकटीच्या पुस्तकांना ती नाकं मुरडायची. “तुझ्या त्या राजकन्यांना घरात काम नसतं का गं? एकदा भांडी घासायला लाव म्हणजे उसासे बंद होतील.”

तो भट्टीवाला गेला. आजारी नाही, पाजारी नाही, दुपारी झोपला तो उठलाच नाही. थोरलीला मूल नव्हतं. धाकटीनं तिला आपल्या दोन खोल्यांत आणली आणि आपली खाट दिली. थोरली खाटेवर आडवी झाली, भिंतीकडे तोंड केलं, आणि तशीच राहिली. रडणं नाही, बोलणं नाही. मऊ भाताचे दोन घास, घोटभर पाणी. मग एकच घास. मग तोही नको.

डॉक्टरीणबाई आली. ही पोरगी पूर्वी याच वाचनालयात पिशवी छातीशी धरून यायची. तिनं नाडी बघितली, डोळे बघितले, नळी छातीला लावली आणि धाकटीला दारापाशी बोलावलं.

“मावशी, शरीराला तसं काही झालेलं नाही.”

“मग?”

“मग काय सांगू? जगायचं मनातच नाही त्यांच्या. मी शनिवारी परत येते. तोवर पोटात काही गेलं नाही, तर दवाखान्यात न्यावं लागेल. आणि खरं सांगते, अशा अवस्थेत गेलेली माणसं फारशी परत येत नाहीत.”

धाकटीच्या पायाखालची जमीन सरकली. डॉक्टरीणबाई चपला घालता घालता म्हणाली, “तुम्हीच काहीतरी द्या ना त्यांना. माझ्या परीक्षेच्या वेळी मी जेवण सोडलं होतं, तेव्हा तुम्ही ते पुस्तक दिलंत. आठवतं?”

आठवत होतं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथं तर भिंतभर काड्या होत्या. धाकटीनं पदर खोचला.

पहिल्या दिवशी उसासेबाई. धाकटी खाटेच्या कडेला बसून मोठ्यानं वाचू लागली. राजकन्या खिडकीत बसली, चंद्र उगवला, राजकन्येनं पहिला उसासा टाकला. भिंतीकडून आवाज आला, “बंद कर.” धाकटी हरखली, बोलली तरी! “ताई, दुसरं आणू का?” थोरलीनं पांघरूण डोक्यावर ओढलं. भात थंड झाला.

दुसऱ्या दिवशी घोडेस्वार. घोडे निघाले, धूळ उडाली, तोफा धडाडल्या. खालच्या छापखान्यानं साथ दिली. थोरली झोपून गेली. झोपेत तिचा चेहरा इतका उतरलेला दिसत होता, की धाकटीनं दोनदा नाकाशी बोट धरून बघितलं. आपण काय करतोय, एक वेढा संपेना आणि इथं माणूस चाललंय, असं तिच्या मनात आलं. पण हातात दुसरं होतं काय? न्हाव्याला सांगा घर बांध, तो वस्तराच काढणार.

तिसऱ्या दिवशी तिनं हुकमाचं पान काढलं. एका राणीची कादंबरी. राजा रणात पडतो, राणी कोसळते आणि मग उठून गादीवर बसते. ही कादंबरी तिनं किती विधवा बायकांना दिली असेल! एकजात सगळ्या हात धरून ‘बाई, जीव वाचवलात’ म्हणाल्या होत्या. दुःखाला दुःखच दाखवावं, काट्यानं काटा काढावा, हा तिचा पक्का ठोकताळा. तिनं राजा पडतो तिथूनच सुरुवात केली. दूत आला, राणीच्या हातातला आरसा गळून पडला...

थोरली वळली. कितीतरी दिवसांनी तिनं बहिणीच्या डोळ्यांत बघितलं.

“तुला मजा वाटते का गं?”

“ताई, नाही गं, मी फक्त—”

“त्या राणीकडे राज्य होतं. मी कुठल्या गादीवर बसू? भट्टीवर?”

परत भिंत. त्या दिवशी तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही. धाकटीनं चमचा ओठांशी नेला, तर पाणी गालावरून ओघळून उशीत गेलं. आपण औषध म्हणून विष पाजलं, असं धाकटीला झालं. ती पुस्तकांच्या खोलीत आली आणि टेबलाखाली बसून रडली. वर टेबलावर बसून रडली असती तर वाचकांनी बघितलं असतं. तेवढ्यात जिन्यातून कुणीतरी ओरडलंच, “बाई, पुढचा भाग आला का?” “नाही!” असं ती इतक्या जोरात किंचाळली, की तो वाचक चार पायऱ्या उलटा उतरला.

उद्या शनिवार. आता डोकं चालेना. डोळे पुसत तिनं हाताला लागेल ते ओढलं. निघालं अबोल मास्तरांचं, नावाड्याची कादंबरी, ‘भाग पहिला’. मास्तर तर मास्तर. निवडायची ताकद संपली होती. ती खाटेशी गेली आणि शाळेतल्या ढ पोरानं वाचावं तशी वाचू लागली. कुठं स्वल्पविराम, कुठं पूर्णविराम, कशाचा पत्ता नाही.

नदीकाठी एक म्हातारी नावेच्या तळाला डांबर लावतेय. म्हातारा भांडं धरून उभा आहे. म्हातारा म्हणतो, “महाराणी, तिथं राहिलं.” म्हातारी म्हणते, “दिसतंय मला. भांडं सरळ धर.” म्हातारा म्हणतो, “राजवाड्यात असतीस तर हे हात गोरे राहिले असते.” म्हातारी म्हणते, “आणि नाव बुडाली असती.”

“ही कोण?” भिंत म्हणाली.

धाकटी वाचतच होती. मग थबकली. “काय म्हणालीस?”

“ही राजवाड्यातली ना? मग डांबर का लावतेय?”

धाकटीनं पान बघितलं, मागचं उलटलं, पुढचं उलटलं, आणि कपाळावर हात मारला. हा दुसरा भाग होता! बाइंडरकाकांनी चष्मा घरी विसरून दोन्ही तुकड्यांवर ‘भाग पहिला’च लिहिलं होतं. खरा पहिला कधीच कुणीतरी घेऊन गेलं होतं, आणि हा सावत्र पहिला कपाटात साळसूदपणे बसला होता. आणि या भागाच्या शेवटी काय होतं ते तिला पाठ होतं. नावाडी पुरात बुडतो. तिनं पुस्तक असं मिटलं, जणू आत साप आहे.

“वाच ना,” थोरली म्हणाली.

“नको ताई. चूक झाली. हा दुसरा भाग आहे. पुठ्ठा चुकलाय.”

“म्हणजे शेवटी तो मरतो.”

“तुला कसं कळलं?”

“दुसरा भाग आहे ना?” थोरली छताकडे बघत होती. भिंतीकडे नाही, छताकडे. “पुढचं मला नको सांगू. पुढचं मला ठाऊक आहे. ही बया राजवाडा सोडून त्याच्या नावेत आली कशी, ते कुठं लिहिलंय?”

“पहिल्या भागात. थांब, मी सांगते ना! तर एक होता राजा, आणि त्याची—”

“तू नको सांगू. तुझ्या तोंडून सगळ्या गोष्टी सारख्याच. तू भाजीवाल्यासारखी नुसती माल चांगला आहे म्हणतेस. पुस्तक आण.”

आयुष्यभर लोकांनी पुढचा भाग मागितला. मागचा भाग मागणारी ही पहिलीच. धाकटीनं नोंद बघितली. पहिला भाग गल्लीच्या टोकाच्या शिंपीणबाईंकडे. ती जिना उतरली ती पायांत चपला न घालताच.

शिंपीणबाई मशीनवर होती. गळ्यात मोजपट्टी, दातांत टाचण्या, आणि मशीनच्या फळीवर नावाड्याची कादंबरी, पान उडू नये म्हणून वर कात्री ठेवलेली.

“पुस्तक हवंय,” धाकटी धापा टाकत म्हणाली.

शिंपीणबाईनं एकेक टाचणी काढून टाचण्यांच्या उशीला टोचली. “माझं झालं नाही अजून.”

“मुदत केव्हाच संपलीये तुमची!”

“बाई, तुम्हीच म्हणालात ना, हे भराभरा वाचायचं नाही, बटणासारखं एकेक पान लावायचं? मी एक शिवण झाली की एक पान वाचते. राजकन्या आत्ता कुठं जिना उतरलीये. मागल्या दारानं. एवढ्यात मी पुस्तक देऊ? जीव गेला तरी नाही.”

आपल्याच शिफारशीत बाई अडकल्या. दुसरं पुस्तक देते म्हणाल्या, नको. दोन देते म्हणाल्या, नको. शेवटी नियम दाखवला, तर शिंपीणबाई म्हणाली, “मग काढा माझं नाव. पण राजकन्या नावेत बसल्यावर काढा.”

तेव्हा धाकटी तिथं कापडाच्या ढिगावर मटकन बसली आणि वाचकासमोर कधी न केलेली गोष्ट केली, ढसाढसा रडली. “अहो, माझी बहीण चाललीये हो. काही खात नाही. उद्या तिला दवाखान्यात नेतील. हे एवढं एकच मागितलंय तिनं.”

शिंपीणबाईनं मशीनचं चाक हातानं थांबवलं.  मग पुस्तकावरची कात्री उचलून गळ्यातल्या मोजपट्टीला अडकवली.

“पुस्तक मी देणार नाही,” ती म्हणाली. “पण मी येते त्याच्याबरोबर.”

दोघी जिना चढून वर आल्या तेव्हा थोरली उशीला टेकून बसली होती. एकटीच उठून बसली होती! दुसरा भाग तिच्या मांडीवर, शेवटच्या पानाशी उघडा. धाकटी खाटेशी धावली.

“ताई, वाचलंस?”

“वाचलं.” एवढंच. आवाज कोरड्या विहिरीत दगड टाकावा तसा. मग तिनं शिंपीणबाईकडे बघितलं. “ही कोण?”

“मागचा भाग,” शिंपीणबाई म्हणाली आणि खाटेच्या पायथ्याशी बसली. “मोठ्या ताई, आधीच सांगते. मी मागचं वाचून दाखवीन. तुम्ही पुढचं एक अक्षर बोलायचं नाही. मला शेवट माहीत नाही आणि नकोय.”

ती पहिल्या पानापासून सुरू झाली. अक्षराखाली बोट धरून वाचायची, आणि मध्येच थांबून स्वतःचं काही घालायची. “राजकन्येनं जरीचं वस्त्र परिधान केलं. जरी म्हणजे सुई मोडते हो, मला विचारा.” थोरली म्हणायची, “वाच पुढं.” राजकन्या आजारी दाईला भेटायला नदीपार जाते, नावाडी तिला ओळखत नाही, उतरताना म्हणतो, बाई, पाय ओले होतील, त्या दगडावर ठेवा. बस, एवढंच म्हणतो. राजकन्या परत जाते आणि रात्रभर त्या दगडाचाच विचार करते.

“आमचे हे पण असेच,” थोरली एकदम म्हणाली. “पहिल्यांदा बघायला आले तेव्हा काय बोलले माहितीये? म्हणाले, दाराची बिजागरी सैल आहे.”

“मग?”

“मग काय, उठून घट्ट केली. आमचे बाबा बघतच राहिले, हा जावई की सुतार!”

शिंपीणबाई हसली. धाकटी स्टोव्हपाशी मऊ भाताचं भांडं घेऊन उभी होती. हसावं की रडावं तिला कळेना, म्हणून ती भात ढवळत राहिली. एकदा तिनं वाटी पुढं केली. थोरलीनं हातानं बाजूला सारली.  बोलतेय खरी, पण दिवा विझताना मोठा होतो म्हणतात, तसं तर नसेल हे?

राजकन्या मागल्या दारानं जिना उतरली. शिंपीणबाईच्या वाचण्याची हद्द आता मागं पडली, ती स्वतःसुद्धा नवं वाचत होती. बोट आता भराभर सरकायला लागलं. पहारेकरी झोपलेला, नदी काळी, नावाडी दिवा धरून उभा. “देवा, किती चांगला आहे हा,” ती पुस्तक छातीशी धरून म्हणाली. “असा माणूस मिळायला भाग्य लागतं. याचं कसं अगदी सोनं व्हायला पाहिजे.”

“एवढा जीव लावू नको,” थोरली म्हणाली. “बुडतो तो.”

शिंपीणबाईनं पुस्तक खाली घेतलं.

“काय म्हणालात?”

“बुडतो. पुरात. दोरी सोडवायला जातो आणि—”

“अहो, काही लाज!” शिंपीणबाई ताडकन उठली. गळ्यातली कात्री छातीवर आपटली. “मी सांगितलं होतं! पहिल्यांदा हेच सांगितलं होतं! एवढे दिवस एकेक पान पुरवून पुरवून वाचतेय मी, आणि तुम्ही पचकन—”

“मग काय अमर असतो का तो? माणूस आहे. मरणारच.”

“आता कशाला वाचू मी? सगळी चवच गेली! उघडूच कशाला आता हे?”

“वा गं वा!” थोरलीचा आवाज चढला. मान ताठ झाली. “शेवटी मरतो म्हणून पहिला भाग वाचायचा नाही? मधे काही आहे की नाही? तो दगड, ते डांबर, ती भांडणं, सगळं पाण्यात?”

“मला शिकवताय?” शिंपीणबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. “मग तुम्ही का पडलाय भिंतीकडे तोंड करून?”

धाकटीच्या हातातला चमचा खाली पडला. हे बोलणं तिनं कधी केलं नसतं. तिच्या कपाटातल्या कुठल्या लेखकानंही केलं नसतं. तिला वाटलं, आता संपलं. आता ही वळणार आणि परत कधी बघणार नाही. तिनं शिंपीणबाईचा दंड धरला, बाहेर काढायला.

थोरली वळली नाही. तिच्या गालांवर लाली आली होती.  दम लागला होता. तिनं उशीचा काठ धरला, दोनदा श्वास घेतला, काहीतरी झणझणीत बोलायला तोंड उघडलं आणि आवाजच निघाला नाही. संतापानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग तिनं धाकटीकडे हात केला.

“ते इकडे दे.”

“काय ताई?”

“भात! काय म्हणजे काय? हिच्याशी तोंड लावायला अंगात काही जोर नको?”

धाकटीनं वाटी तिच्या हातात दिली आणि खालून स्वतःचा हात लावून धरला. थोरलीनं पहिला घास घेतला. गिळताना तिला त्रास झाला, डोळे मिटले, खोकली. धाकटी पुढं सरकली, तर तिनं कोपरानं ढकललं. दुसरा घास. शिंपीणबाईकडे रागानं बघत तिसरा. आणि मग चावता चावताच तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, वाटीत, भातात, हनुवटीवरून. पहिल्यांदाच रडत होती ती. रडत होती आणि खात होती.

शिंपीणबाई दाराशी जाऊन परत आली. खाटेच्या पायथ्याशी बसली, नाक पुसलं, पान शोधलं.

“खा तुम्ही गप,” ती म्हणाली. “मी वाचते. पण आता पुढचं एक अक्षर बोललात तर बघा.”

“सांगायचं राहिलंय काय आता?” थोरली तोंडात घास असताना म्हणाली. “थोडा आणखी वाढ गं.”

भांड्यात भात उरला नव्हता. धाकटीनं डब्यातून मुठीनं तांदूळ काढले आणि नळाखाली धुवायला घेतले. घाईत निम्मे मोरीत सांडले.